घर सोडायच्या आधीची कामं

रुग्णालयाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत बायका तिला इंजिन म्हणायच्या. जिना चढताना ती वाफ सोडल्यासारखी फुसफुसायची म्हणून. एकवीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. वरच्या मजल्यावर धुतलेले कपडे देण्याघेण्याची खिडकी होती. तिथली बाई निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा इंजिनच्या डोळ्यांपुढे खिडकी आली नाही, खुर्ची आली. पाठ टेकायची सोय असलेली, गादीची खुर्ची.

पण खिडकीवर रोज वही लिहावी लागे, तीही इंग्रजीत. आपण यायच्या आधी काय काय होऊन गेलं होतं ते सगळं. चादरी आल्या होत्या, मशीन बंद पडलं होतं, कुणीतरी न विचारता उशा नेल्या होत्या. मोठ्या सिस्टर त्याची परीक्षा घेणार होत्या.

शिकवायला घरात एकच माणूस, सून. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून तीही पिळून निघालेली. जेवणं आटोपली की दोघी भिंतीला पाठ लावून बसायच्या.

“आई, आधी होऊन गेलेल्याला ‘हॅड’ लावायचं. सांगा, ‘गो’चं काय?”

“हॅड वेन्ट.”

“गॉन.”

“काल तर वेन्ट म्हणालीस!”

“काल ते एकटं होतं. आता हॅडबरोबर आहे.”

“अगंबाई, म्हणजे यांच्यातही लग्न लागलं की नाव बदलतं होय!”

सुनेला हसू आलं, पण ते जांभईतच विरलं. ईट, सी, टेक, गिव्ह. महिनाभर दोघींनी एकेक शब्द खरकट्या भांड्यासारखा घासला.

परीक्षेच्या दिवशी वही तिने रडतखडत लिहिली. सिस्टरांनी चष्मा कपाळावर सारला.

“आता तोंडी सांगा. आज घर सोडायच्या आधी तुम्ही काय काय केलं होतं?”

इंजिनचा जीव भांड्यात पडला. घरचा सगळा गाडा आपणच ओढतो, हे गाऱ्हाणं ती लॉन्ड्रीत रोज ऐकवायची. तेच इंग्रजीत सांगायचं.

“आय हॅड...” म्हणाली आणि अडली. पाणी? ती उठली तेव्हा पिंप भरलेलं होतं. “वेन आय गॉट अप, सून हॅड फिल्ड वॉटर.” डबे? “शी हॅड कुक्ड.” नातीची वेणी? तीही शी. नवऱ्याच्या गोळ्या? पुन्हा शी.

“आणि तुम्ही?”

“आय हॅड टेकन टी.”

“कुणी केलेला?”

तोही शी. शेवटी तिच्या वाट्याचं एकच काम निघालं. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याची आंघोळ. “आय हॅड गिव्हन बाथ. हजबंड.”

सिस्टर हसल्या. “जमलं की! एक तारखेपासून या वर. आणि हो, खिडकी सकाळी सहाला उघडते बरं का.”

आतापर्यंत ती नवाला यायची.

घरी आली तर सून नुकतीच चपला काढत होती.

“काय झालं, आई?”

“मिळाली खुर्ची. पण सहाला हजर व्हायचंय. म्हणजे ह्यांची आंघोळही तुझ्याच गळ्यात.”

“मला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं? मग महिनाभर घसा कशाला कोरडा केलास?”

“तुमच्या गुडघ्यांचं रडगाणं रोज ऐकण्यापेक्षा एक आंघोळ परवडली.”

एरवी इंजिनने यावर चांगलीच वाफ सोडली असती. आज ती नुसतीच जमिनीवर बसली, पाय लांब केले. आत नवरा खोकला. दोघींनी दाराकडे पाहिलं, उठली कुणीच नाही.

“नको म्हणून सांगू का सिस्टरांना?”

“सांगा की! म्हणजे माझं गॉन-वेन्ट सगळं पाण्यात.”

इंजिनने दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, “संध्याकाळी घालत जाऊ त्यांना आंघोळ. दोघी मिळून. तू पाणी ओत, मी धरते.”

“आजपासून?”

“आज नको गं बाई.”

“नको,” म्हणत सूनही तिच्या शेजारी येऊन बसली.