पाळकसाहेब बुधवारी जेवायला यायचे

आमच्या चर्चचे पाळकसाहेब हावरट हायत, असं मला वर्स-दीड वर्स वाटायचं. नुसतं वाटायचं न्हाई, म्या ते तीन बाजारांत सांगितलं बी. आता त्याच माणसाच्या उपकाराबद्दल चार शब्द सांगा म्हणून मंडळीनं मलाच पुढं केलंय. मला लिवता येत न्हाई. सही येती, पण ती दर टायमाला येगळी येती, म्हणून ब्यांकेत माझा अंगठाच घेतात. तव्हा मी बोलतो आन् रविवारच्या शाळेच्या बाई लिहून घ्यायल्यात. मधी कुठं खोटं वाटलं तर ते माझं समजा, बाईचं न्हाई.

माझा धंदा शेगड्या, स्टो आन् कुकर नीट करायचा. आमचं गाव पाथरीच्या पुढं. पाथरीला, वालूरला, सेलूला, जिथं बाजार असंल तिथं पोतं हातरून बसायचं. लोकाच्या घरचा जाळ पेटवून देणं, हेच काम. पण हातापरीस माझं तोंड जास्त चालतं. बायका शेगडी घेऊन येतात, हसून हसून दमतात आन् कुकरची शिटी माझ्याकडंच इसरून जातात. माझी बायको सुशीला म्हणायची, "एखादी शिटी सोताच्या तोंडाला बसवा. जरा वाफ जाऊ द्या."

सुशीला गेली त्याला आता तीन वर्सं हुतील. ताप आला, परभणीला दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी गेली. मातीला समदी मंडळी आली. पाळकसाहेबानं प्रार्थना केली, ती मला एक शब्द बी आठवत न्हाई. माझी थोरली भावजय आठ-दहा दिवस ताट धाडत राहिली. मंग म्या तिला म्हणलं, "वैनी, आता नगं. मी बाजारातच हाटेलात जेवतो." लेक नांदेडला दिलेली हाय. ती रोज फोन करून इचारायची, "बाबा, जेवलात का?" तिला म्हणलं, "तुझी काकू ताट धाडती." आन् चर्चमधल्या लोकाला सांगितलं की लेकीनं सोयपाकाला बाई लावून दिलीया. तीन लबाड्या, आन् एकीचा दुसरीला पत्ता न्हाई. जल्मात एवढं नीट काम म्या दुसरं केलं न्हाई.

खरं कारण असं व्हतं की घरात ज्वारीच्या पिठाचा डबा व्हता. दवाखान्यात जायच्या आधी सुशीलानं दळून आणलेलं. पयल्या दिवशी भाकर करावी म्हणून झाकण काढलं, तर पिठात तिच्या बोटाचे ठसे. शेवटची मूठ घेतलेली, तसाच खड्डा. म्या झाकण लावलं आन् चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी चहा आन् बिस्कीट. असे दोन महिने गेले. मंग बिस्कीट बी नकोसं झालं. भूक लागत व्हती म्हणावं तर न्हाई, आन् मरावं वाटत व्हतं असं बी न्हाई. नुसतं, कशाला जेवायचं, असं व्हायचं. चड्डी सुतळीनं बांधायची पाळी आली. लोकं इचारायची, "कामून वाळायलाव?" म्या म्हणायचो, "दुसरं लगीन जमवायचंय, म्हणून पोट कमी करायलोय." लोकं हसायची. माणूस हसला की पुढं इचारत न्हाई, हे मला लहानपणापासून मालूम हाय.

मंग तो बुधवार आला. तीन दिवसापासून मी बाजाराला गेलो नव्हतो. उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायची, म्हणून बाजेवर पडून व्हतो. भर दुपार, पत्रा तापलेला. आमच्या चर्चमधी लोकं लय गोड प्रार्थना करतात. मला तशी जमत न्हाई. म्या वर पत्र्याकडं बघून म्हणलं, "देवा, मी जगावं असं तुला वाटत असंल, तर तूच येऊन खाऊ घाल. न्हाईतर मला उगं रविवारी टाळ्या वाजवायला बोलवू नको." एवढं म्हणून भिंतीकडं तोंड केलं. किती येळ गेला मालूम न्हाई. चहा उकळायला लागतो तेवढाच असंल. भाईर मोटारसायकल थांबली आन् दारात पाळकसाहेब उभे. अंगभर धूळ, चष्मा बी धुळीनं भरलेला.

"सलाम मामा," म्हणले. "हाय का काही खायला? सकाळधरून पोटात काही न्हाई."

मी उठून बसलो. मनात पयला इचार आला की वर काहीतरी घोटाळा झाला. म्या खाऊ घाल म्हणलं, आन् त्यानं खाणारा धाडला. न्हाई म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण दारात भुकेला माणूस उभा असताना न्हाई कसं म्हणायचं? मी भिंतीला धरून चुलीपाशी गेलो. डबा काढला. ते ठसे तसेच व्हते. पाळकसाहेब उंबऱ्यात बसून बूट काढायले व्हते, त्यांचं ध्यान नव्हतं. म्या डोळे मिटले आन् हात घातला.

आता भाकर. मी शेकड्यानं शेगड्या पेटवल्या, पण तवा कव्हा टाकला न्हाई. त्यात ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची इरी जाती, ते चिटकून धरत न्हाई. थापली की फुटायची. तव्यावर टाकंपर्यंत चार तुकडे, उलटली की सात. शेवटी ताटात जे वाढलं ते भाकर व्हती असं मी येशूसमोर बी म्हणू शकत न्हाई. संगं तिखट, तेल आन् कांदा. पाळकसाहेबानं ताटावर हात धरला. "बापा, ही भाकर ज्या हातानं केली त्या हाताला बळ दे," एवढीच प्रार्थना केली आन् म्हणले, "तुमी बी बसा. मला एकट्याला घास उतरत न्हाई."

मी बसलो. पीठ कडू झालं व्हतं. पाळकसाहेबानं तोंड वाकडं केलं न्हाई, ते म्या केलं. ते गपगप खात व्हते. मला वाटलं, हे समदं संपवतील, म्हणून म्या बी एक तुकडा उचलला. मंग दुसरा. किती दिवसांनी तोंडाला तिखट लागलं, डोळ्यातून पाणी आलं. तिखटाचंच व्हतं, असं म्या तव्हा सोताला सांगितलं. जाताना शरमेनं माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, पुढल्या बुधवारी या. तवर शिकून ठिवतो."

आन् ते आले. त्याच्या पुढल्या बुधवारी बी आले. म्या नवीन ज्वारी दळून आणली. बुधवारी फजिती नको म्हणून मंगळवारी एक करून बघायचो. केली की टाकून देता येईना, खावी लागायची. मंगळवारची बिघडली की सोमवारपासून सुरुवात करायची. असं करता करता मी रोज दोन टाइम जेवायला लागलो, ते मला कळालंच न्हाई. सुतळी सुटली. आन् पोट भरलं की माणसाचं तोंड सुटतं. बाजारात बसून म्या सांगायला लागलो, "आमचा पाळक लय देवमाणूस. येतो प्रार्थनेच्या नावानं आन् बसतो भाकरीच्या नावानं. घरात एवढी सुगरण बायको, आन् ह्यो माझ्या दारात. हावरटपणाला काही औषध हाय का?" लोकं हसायची. हे बोलणं फिरत फिरत पाळकसाहेबाच्या कानावर गेलंच असणार. तरी बुधवार चुकला न्हाई.

पण मनात एक किडा वळवळ करायचा. सुगरण बायकोचं सोडून हे माझ्याकडं कामून येतात? आन् त्या दिवशी, त्याच टायमाला, ह्यांना धाडलं कोणी? म्या पयले भावजयीला गाठलं. "वैनी, मी जेवत न्हाई हे तू पाळकसाहेबाला सांगितलं व्हतं का?"

"मला काय सपान पडलं का, भाऊजी? तुमीच म्हणलाव हाटेलात जेवतो. मी तर म्हणायची, चैन हाय बाबा ह्यांची."

लेकीला फोन केला. ती म्हणली, "कशाचं जेवत नव्हता?" आन् तिथंच रडायला लागली. तिला समजवता समजवता फोनची ब्याटरी गेली. शेजारी इचारलं, दुकानदाराला इचारलं. कोणालाच मालूम नव्हतं, कारण लबाडी मीच एवढी पक्की केलती. मंग माझी खात्री झाली की ह्या माणसाला वरून सांगणं झालंय. त्या दिवसापासून मला त्यांची भीतीच वाटायला लागली. बुधवारी ते जेवायचे आन् मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचो, की आता हे माझ्या मनातलं काय वळखतात. एकदा म्हणले, "मामा, असं काय बघायलाव? मीठ कमी टाकलंय का तुमी?"

औंदा पाळकसाहेबाला आमच्यात येऊन पंधरा वर्सं झाली. मंडळीनं सत्कार ठरवला. ते म्हणले, शाल नको, नारळ नको. लोकं म्हणले, मंग निदान बोलू तरी द्या. रविवारच्या उपासनेनंतर चर्चपुढं मंडप टाकला. सांगायची गोष्ट म्हणजे सोताच्या सत्काराच्या खुर्च्या पाळकसाहेब पहाटपासून सोताच मांडायले व्हते. वडीलमंडळी आली तव्हा मांडून झाल्या व्हत्या.

एकेक जण उठला. सगुणामावशी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणली की निराधारच्या पगाराच्या कागदासाठी हे लेकरू माझ्या संगं तहसिलीत सहा येळा आलं, आन् सायबापुढं मलाच बोलायला लावलं. एकानं दोघा भावांच्या बांधाचं भांडण सांगितलं. पाळकसाहेब दोन दिवस त्या बांधावर खुर्ची टाकून बसले. ह्याला बोलले न्हाई आन् त्याला बी न्हाई. शेवटी त्यांना तिथून उठवायला दोघा भावांना एक व्हावं लागलं. मंग कोणीतरी म्हणलं, "आता मामाला बोलवा, जरा हसू द्या."

मी माइक धरला. पाळकाच्या भुकेवरचे पाच-सहा इनोद पाठ करून ठिवले व्हते. पयला इनोद सांगायला गेलो आन् तोंडातून भलतंच निघालं. तो डबा सांगितला, तीन लबाड्या सांगितल्या, पत्र्याकडं बघून देवाला काय म्हणलं ते सांगितलं. सुरुवातीला लोकं हसली, मंग थांबली. शेवटी म्या पाळकसाहेबाकडं वळून म्हणलं, "साहेब, आज समद्यांपुढं सांगा. त्या बुधवारी तुमाला कोणी सांगितलं?"

पाळकसाहेब उठले.

"कोणीच न्हाई, मामा," म्हणले. "मला काही मालूम नव्हतं. मी सकाळी सोनपेठकडं गेलो व्हतो. येताना ह्या गावात तीन घरी प्रार्थना केली. तिन्ही घरी चहा झाला. चौथं दार तुमचं. मला खरंच भूक लागली व्हती. गाडीवर चक्कर यायली व्हती."

"आन् मंग दर बुधवारी?"

"तुमीच म्हणलाव, या. तुमी एवढ्या हौसेनं करताव, न्हाई कसं म्हणू?"

बायकांमधून बाईसाहेब, पाळकसाहेबाच्या घरच्या, म्हणल्या, "पयले सहा महिने बुधवारी सांजच्याला ओवा चावत बसायचे. म्या म्हणायची, नका जाऊ. तर म्हणायचे, मामाला वाईट वाटंल."

समदे हसले. मी बी हसलो. पाळकसाहेबानं चष्मा काढला आन् शर्टानं पुसायला लागले. "मला आजवर वाटत व्हतं, मामा मला जेवू घालतात," म्हणले. "तुमी उपाशी व्हताव हे मला आत्ता कळायलंय."

तव्हा सगुणामावशी काठी टेकत उठली. "त्या तीन घरांतलं एक मव्हंच," म्हणली. "म्या चहाच दिला. मला वाटलं, पाळक कुठूनतरी जेवूनच येत असंल." मागून एक जण म्हणला, मला बी तसंच वाटायचं. मंग दुसरा. मंडपात एक बी घर निघंना ज्याला तसं वाटत नव्हतं. पंधरा वर्सं आमी त्या माणसाला दुखणं सांगितलं, भांडणं सांगितली, लेकरांचे मार्क सांगितले, आन् प्रार्थना करून पुढच्या घरी धाडून दिलं. मावशी हळूहळू त्यांच्यापाशी गेली आन् त्यांच्या गालावर हात ठिवून म्हणली, "आज तरी जेवलास का रं, बाबा?"

दुपारचे दोन वाजून गेले व्हते. पाळकसाहेबानं बाईसाहेबाकडं बघितलं. बाईसाहेबानं नुसती न्हाई म्हणून मान हलवली.

भाषणं तिथंच संपली. पंगत बसली आन् पाळकसाहेबाला पयल्या पाटावर बसवलं. ते उठायला बघायचे वाढायला, तर ते दोघं भांडणवाले भाऊ दोन्हीकून त्यांना धरून बसले व्हते. वाढायला मी. लोकं हसायली, मी बी हसायलो, पण ह्या टायमाला कोणापासून काही लपवायचं नव्हतं.

मी रिकामा बसलो की लय इचार करतो. पाळकसाहेबाला वरून काही सांगणं झालं नव्हतं, हे कळालं म्हणून माझा देवावरचा भरवसा कमी व्हायला पाहिजे व्हता. तसं झालं न्हाई. उलट जास्तच नवल वाटतं. पोटात भूक घालून एका माणसाला बरोबर माझ्या दारात आणलं, आन् त्याला बी पत्ता लागू दिला न्हाई. त्या दिवशी देवानं कोणाचं पोट बघितलं, माझं का त्याचं, हे मला अजून उमगलं न्हाई. पाळकसाहेबाला इचारलं तर ते म्हणले, "मला बी न्हाई, मामा."

येशूचे आभार, आन् पाळकसाहेबाचे, ते धुळीनं भरलेले माझ्या उंबऱ्यात बसले त्याबद्दल. आता मी देवाकडं मागतो तव्हा नुसतं मागतो. कोणाच्या हातून दे, कसं दे, हे त्याला शिकवायचं सोडलंय. दारात कोणी उभा राहिला की आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं आन् मंग बोलायचं, असं बी ठरवलंय. ते लय अवघड जातं. माझं तोंड आधी चालतं. पण शिकायलोय.