भाऊजींचं शुद्ध जेवण

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडीत लिलावात उभा होतो. हातोदच्या फुलकोबीवर बोली चालली होती. ताई म्हणाली, "दिनू, हे गेले रे." मी म्हणालो, "येतो." फुलकोबी घेतली, मग गेलो. हे पुढे सगळ्यांना कळलं आणि त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. भाऊजींसाठी हातचा माल सोडावा असं आमच्यात काही उरलं नव्हतं.

सुधाकरराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विम्याच्या कचेरीतून रिटायर होऊन राऊ गावात घर बांधून राहिले. मी ठेल्यावर भाजी विकून वर आलेला माणूस, आज घाऊक दुकान आहे. पूर्वी ते माझ्याकडूनच भाजी नेत आणि कोथिंबिरीच्या काडीसाठीही हुज्जत घालत. मला ते आवडायचं. मग कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि 'जहर' हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला. सिमरोलच्या एका जैविक शेतकऱ्याची भाजी घरी येऊ लागली. माझ्याकडे आले की ते पाणीसुद्धा घोटभरच पीत.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. सेंद्रिय माल खरा असेल तर त्यात औषधाचा अंश कमी असतो, हे मी भर मंडीत मान्य करतो. आमच्या मालात असतो. धुतलं, सोललं की थोडा जातो, सगळा जात नाही. माझं भांडण सेंद्रियाशी नव्हतं. माझ्या अश्विनीच्या लग्नात, भर पंगतीत, देवासच्या व्याह्यांशेजारी बसून भाऊजींनी पिशवीतून डबा काढला. व्याह्यांनी विचारलं, "काय, पथ्य आहे का?" भाऊजी हसले. "पथ्य कसलं साहेब! आमचे साले साहब आदमी हिरा आहेत, पण यांची सब्जी म्हणजे स्लो पॉयझन. हम नहीं खाते." व्याह्यांनी काकडीची फोड ताटाच्या कडेला सरकवली. त्यांचं बघून विहीणबाईंनीही. मी हातात वाढपाचं भांडं घेऊन उभा होतो...

तेव्हापासून मी पाठवलेली टोपली देवासला चुलीपर्यंत जात नाही, कामवालीला जाते. पोरगी फोनवर म्हणते, "बाबा, नका ना पाठवू, सासूबाई टोमणे मारतात." बापाचा धंदा विषाचा, हे तिला रोज ऐकावं लागतं. गेल्या दिवाळीत मी राग गिळून भाऊजींकडे गेलो. म्हटलं, व्याह्यांना एक शब्द सांगा, गंमत केली होती म्हणून. ते म्हणाले, "खोटं कसं बोलू, भिया?" तीच आमची शेवटची भेट. मग हृदय बंद पडलं. त्यात ना माझ्या भाजीचा हात, ना सिमरोलच्या.

दिवस झाल्यावर दुखवटा काढायला मी ताईला माझ्या घरी जेवायला आणलं. माहेरचंच काम ते. भरली वांगी केली होती. माझी बायको भीत भीत म्हणाली, "ताई, बाजारचीच आहेत हो..." ताई शांतपणे जेवत होती. म्हणाली, "बाजारचीच खाते मी. हेही तीच खायचे."

सिमरोलवाल्याने केव्हाच शेत प्लॉटसाठी विकलं होतं. हे भाऊजींना कळलं तर ते जेवणच टाकतील, या धास्तीने ताईने सांगितलं नाही. गल्लीतल्या ठेल्यावरून ती किडकी वांगी, भोकं पडलेला पालक निवडून आणायची. भोक दिसलं की भाऊजी खूश. कीड जगली म्हणजे जहर नाही, असा त्यांचा हिशेब. आता हे मंडीतल्या कुणालाही विचारा. वांग्यातली अळी आत बसते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. शेतकऱ्याला ती दिसली की तो पुन्हा मारतो. किडकं वांगं शुद्ध नसतं, बऱ्याचदा त्यावरच जास्त मारा झालेला असतो. आणि त्या ठेल्यावर जाते ती माझ्याच दुकानातली छाट, निवडून बाजूला टाकलेला माल.

"लग्नातल्या डब्यात काय होतं?" मी विचारलं.

"तुझीच वांगी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय करू? पंगतीत नवऱ्याला खोटं पाडू?"

मी ओरडलो. आताच देवासला फोन लाव म्हणालो. ती म्हणाली, "ते गेले, दिनू. आता त्यांचं हसं मी नाही करणार. तुझ्या मुलीला दोन टोमणे सोसतील." ताट स्वच्छ करून ती हात धुवायला उठली.

देवासला व्याह्यांकडे या पेपरची रविवारची पुरवणी येते, म्हणून हे लिहिलं. ताई वाचेल आणि माझ्याशी बोलणं सोडेल, हेही मला माहीत आहे. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. भाऊजींच्या तसबिरीला ती अजून रोज नैवेद्य दाखवते. वाटीत पालकाची भाजी होती, शेजारी उरलेली जुडी, पानापानाला भोकं. म्हटलं, आता तरी धड भाजी आण. तिने वाटी सरळ केली. म्हणाली, "धड भाजी त्यांना चालायची नाही."