मगदूम सरांची अर्धी लढाई

मगदूम सर डास मारत नसत, फुंकर घालून उडवत. तोंडात मात्र सदा लढाई. जैन माणूस. सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या गावात येऊन राहिले. रोज कृष्णेच्या घाटावर बसून ग्रीकांची शहरं झुंजवायचे. "अथेन्स पाण्यातला पैलवान, स्पार्टा जमिनीवरचा. खाज दोघांना सारखीच!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण दिवस कलला की सर उठत. मावळायच्या आत जेवण. गोष्टीत कुणाची मान तलवारीखाली असली तरी तशीच ठेवून जात. "थांबंल तो उद्यापर्यंत."

मी तिसरीत शाळा सोडली, पण ऐकलेलं विसरत नाही. होड्यांच्या शर्यतीत गावाचं सुकाणू माझ्याकडंच. पलीकडच्या गावाचा रामू पाटील लागोपाठ बक्षिसाची ढाल नेत होता, वर आमच्या घाटासमोर हलगी वाजवत होता. "औंदा रामूनं ढाल नेली तर मिशी काढीन," असं मी चारचौघांत बोलून बसलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सर सांगत होते, अथेन्सवाले होडीच्या नाकाला धातूची चोच बसवून शत्रूची होडी फोडत. तेवढ्यात ऊन उतरलं. सर घरी गेले, मी लोहाराकडं.

भर पात्रात रामूची होडी गाठली आणि दिली धडक. तिची फळी फुटली, पण आमची चोच तिच्यातच अडकली. दोन्ही होड्या मिठी मारून बुडाल्या.

"आबा, डोकं फिरलंय व्हय रं तुजं?" रामू पोहत ओरडला.

"आदी तू बुडालास!" मी म्हटलं. ते खरंच आहे.

वरच्या अंगाच्या गावाची होडी शेजारून निवांत गेली आणि ढाल घेऊन गेली.

सर घाटावर कपाळाला हात लावून बसलेले. "आबा, गोष्ट अर्धी होती रे! दोघं झुंजून खिळखिळे झाले आणि उत्तरेकडून तिसराच राजा येऊन वरचढ झाला."

"आवं सर, मग ह्ये जेवायच्या आदी सांगायचं न्हाई व्हय!"

मिशी ठेवली. ढाल रामूनं कुठं नेली होती?

गेल्या हिवाळ्यात सरांनी त्या तिसऱ्या राजाच्या पोराची गोष्ट काढली. पोरगा मुलूख जिंकत आपल्याकडच्या नदीपाशी आला. पलीकडं आपला राजा हत्ती घेऊन उभा. दिवस कलला. "उरलेलं उद्या," म्हणून सर उठले. सकाळी सर गेल्याचंच कळलं.

तिसऱ्या दिवशी रामू नदी ओलांडून आला. बुडाल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. घाटावर शेजारी बसला. मी त्याला गोष्ट सांगितली, हत्तीपर्यंत.

"फुडं काय झालं?" त्यानं मोबाईल काढला. "ह्यात बघू?"

"खिशात घाल. सर उद्या म्हणालेत."

त्यानं घातला. समोर ऊन उतरत होतं.

"चल रं गड्या," मी म्हटलं, "दिस हाय तवर जेवून घिऊ."