कॅलिपरवाल्याची पाटी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी हातात मोजपट्टी घेऊन लोकांच्या घरांकडे पाहू लागले. तोवर पंचवीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला होता. शिकवला म्हणजे टिपणे वाचून दाखवली, कारण मान वर करून वर्गाकडे पाहणे मला कधी साधले नाही. स्वेच्छानिवृत्तीनंतर जुन्या वास्तूंच्या जतनाची पदविका घेतली आणि महाल या जुन्या वस्तीतल्या घरांवर दुकानांच्या पाट्या कुठे, कशा आणि केवढ्या असाव्यात हे ठरवणाऱ्या एका लहानशा समितीत माझी वर्णी लागली. काम सोपे असल्याचे सांगण्यात आले होते. अर्ज आला की जागा पाहायची, मापे घ्यायची, अहवाल लिहायचा. त्या घरांतून माणसे बाहेर येतील आणि मला प्रश्न विचारतील, हे मी गृहीत धरले नव्हते.

माझ्या नेमणुकीपूर्वीच तिथल्या गल्ल्यांतल्या सगळ्या पाट्या उतरवण्याच्या नोटिसा निघाल्या होत्या. नव्या पाटीला मंजुरी मिळेपर्यंत दुकाने निनावी होती. नोटिसांवर माझी सही नव्हती; परंतु गल्लीत हिंडताना दिसत असे ती मीच. पानठेल्यावर उभे असलेले कोणीतरी म्हणे, "आली पाहा, पाट्या खाणारी." मी उन्हाची छत्री आणखी खाली ओढून पुढे जाई.

त्या उन्हाळ्यात एका कारागिराचा अर्ज आला. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांना आधार देणारे लोखंडी कॅलिपर आणि त्यांना जोडायचे बूट तो बनवीत असे. साठीच्या पुढचा माणूस, बोटांना लोखंडाचा काळा रंग कायमचा बसलेला. एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत त्याचे दुकान तीस वर्षे होते; त्याचीही पाटी नोटिशीने उतरली होती. घराचा दर्शनी भाग सागवानी, गॅलरीखाली कोरीव लाकडी टेकूंची ओळ. घरमालक वरच्या मजल्यावर राहत. त्यांना खालची जागा रिकामी करून हवी होती आणि भाडेकरू हलत नव्हता. दोघांचे बोलणे बंद होते. जे काय बोलायचे ते ते गल्लीला ऐकवून बोलत.

आमच्या पद्धतीप्रमाणे पाटीच्या मापाचे कापड अर्जदाराने एक दिवस जागेवर टांगून ठेवायचे असते, म्हणजे काय झाकले जाते ते समोरून पाहता येते. कारागिराने जाड कॅनव्हास टांगला होता. मी समोरच्या ओट्याशी उभी राहून छायाचित्र घेत होते, तोच गॅलरीतून आवाज आला, "लंगोट सुकायले घातला का गा?"

खालून उत्तर गेले, "तुमचाच सापडला, मालक. धुऊन टाकला."

पानठेला हसला. मी मोजपट्टीवरचे आकडे नको इतक्या एकाग्रतेने वाचू लागले.

तेवढ्यात एक माणूस गल्लीत शिरला. एका पायाला कॅलिपर, हातात कुबडी, खांद्याला पिशवी. नरखेडकडच्या एसटीने आला होता. रिक्षा गल्लीत येत नाही. शेजारच्या दोन गल्ल्या चुकीच्या चालून तो इथवर पोचला होता, असे त्याने धापा टाकतच सांगितले. त्याने वर पाहून विचारले, "इथं कॅलिपरवाले होते ना जी?"

"होते," घरमालक म्हणाले. "गेले सोडून."

आतून हातोडीचा आवाज स्पष्ट येत होता. पण पाटी नसल्यामुळे तो आवाज कोणाचाही असू शकत होता. माणूस वळला. मला सर्व ठाऊक होते, मी चार हातांवर उभी होते, आणि मी काहीही बोलले नाही. अखेर कारागीरच दारात आला. "अगा ये इकडं. मेलो नाही मी अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाह्यलं का मॅडम? तुमच्यासमोर झालं. असे किती परत गेले असन, मले तरी काय माहीत? लिहा हे तुमच्या कागदात."

छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

कॅनव्हासमागे दोन टेकू झाकले जात होते, हे खरे होते. परंतु दाराच्या वरच्या भिंतीवर चुना पोपडे धरून सुटला होता आणि त्याखाली जुनी रंगवलेली अक्षरे दिसत होती. कोण्या काळी तिथे औषधी विकणारा असावा. 'औषधी' एवढेच वाचता येत होते. म्हणजे या घराला मुळात पाटी नव्हती. नाव थेट भिंतीच्या गिलाव्यावर लिहिले जात असे. तसेच लिहिले तर एकही खिळा लागणार नव्हता आणि कोरीवकाम उघडे राहणार होते. मला फार आनंद झाला. तो मी कोणाला सांगितला नाही.

अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून पाटीविरुद्धचे सर्व मुद्दे, घरमालकाच्या हरकतीसह, मी आरंभी मांडले. त्यांनी पहिले पान भरले. दाराच्या वर नऊ इंच उंचीची अक्षरे रंगवण्यास अनुमती द्यावी, ही माझी शिफारस आणि परत निघालेल्या त्या माणसाचा प्रसंग दुसऱ्या पानावर गेला.

सभेत एका तासात अकरा अर्ज होते. आमचे अध्यक्ष निवृत्त वास्तुविशारद, घाईचे आणि तापट. त्यांनी माझ्या अहवालाचे पहिले पान भराभर वाचले. "कोरीवकाम झाकलं जातं, मालकाची हरकत, खिळ्यांनी लाकडाला इजा. स्पष्ट आहे. नामंजूर. मॅडमचा अहवाल नेहमीसारखाच नेटका."

पान उलटा, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते जिभेवर आलेही होते. पण स्तुती झाली होती, आणि तिच्या पाठोपाठ माणसाला तुम्ही पूर्ण वाचले नाही असे कसे म्हणावे, या विचारात पुढचा अर्ज सुरू झाला. निर्णयांची नोंदवही सह्यांसाठी फिरत आली. मी सही केली.

नकाराचे पत्र शिपायाने पोचवायचे असते. मी ते मागून घेतले आणि सोबत अहवालाची प्रतही नेली. कारागिराने चष्मा लावून आधी पत्र वाचले, मग दुसरे पान. ते त्याने मोठ्याने वाचले, पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असे.

"लिहिता तं छान येते तुमाले," तो म्हणाला. "मंग तिथं काहून मिठाची गुळणी धरून बसल्या?"

सभेत बोलणे मला जमत नाही, असे मी सांगितले.

"माह्याकडे येते त्याले पाय नाही म्हणून तो येते. तुमाले जीभ आहे." त्याने प्रत घडी करून परत दिली. "तुमच्या सहीनं माह्यं दुकान मेलं, मॅडम. आता सांगायले काहून आल्या?"

तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे मी सांगितले. त्याने एका बुटाचा तळ घासायला घेतला. "लिहा तुमीच. सही मी करतो. पण बोलायले तुमालेच लागन."

फेरसुनावणीला घरमालक आणि कारागीर दोघेही आले. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"माझीच आहे. ती मी करायला नको होती. अहवालाचे दुसरे पान वाचले गेले नाही, आणि ते वाचा असे मी त्या दिवशी म्हणाले नाही."

"म्हणजे आम्ही न वाचता निर्णय घेतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी अहवालाचे दुसरे पान टेबलावर ठेवले. "या अर्जात तसे झाले," मी म्हणाले आणि ते पान वाचून दाखवले. घरमालक मध्येच म्हणाले, "एवढा पुळका असन तं मॅडमनं आपल्या घरी द्यावी जागा." कोणी हसले नाही, कोणी त्यांना थांबवलेही नाही. मी त्यांचे वाक्य संपू दिले आणि राहिलेला परिच्छेद वाचला.

अर्ज मंजूर झाला. नऊ इंच, दोन ओळी, खिळा नाही. उठताना अध्यक्ष माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून तुम्हाला त्रास देणार नाही." त्यांनी शब्द पाळला.

समितीतले माझे शेवटचे काम म्हणजे रंगवलेली अक्षरे तपासणे. स्टूल घेऊन मी दाराशी गेले. 'कॅलिपर व बूट बनवून मिळतील.' पेंटरने गिलाव्याचा फुगवटा सांभाळता सांभाळता अक्षरे वाढवली होती. गॅलरीत घरमालक उभेच होते.

"किती भरली, मॅडम? जरा मोठ्यानं सांगा, आमालेबी ऐकू द्या."

किरकोळ फरक मान्य करण्याचा अधिकार पाहणी करणाऱ्याला होता. मी तो कधी वापरला नव्हता, कारण वापरल्यावर कारण सांगावे लागते. मी स्टुलावरून उतरले नाही. "साडेनऊ," मी वर पाहून म्हणाले. "मंजुरी नऊची आहे. अर्ध्या इंचाने काहीही झाकले गेलेले नाही, म्हणून काम मान्य असे मी लिहीत आहे. तक्रार करायची असेल तर माझ्याविरुद्ध करा, यांच्याविरुद्ध नको."

"करीनच," ते म्हणाले आणि आत गेले. खिडकीची झडप आदळली.

मी तिथेच उभी राहून नोंद केली. कारागीर दारात, खाली बसून, मांडीवर घेतलेल्या कॅलिपरला रिव्हेट ठोकत होता. त्याने वर पाहिले नाही.

"झालं असन तं सरका तिथून," तो म्हणाला. "उजेड अडून राहिला."

मी स्टूल उचलले आणि बाजूला झाले.