मालकांचा उजवा हात

माझा दादा कोटाचं कापड कापायचा. शिवणारे दुकानात तीन-चार जण होते, कापणारा एकटा दादाच. मालकांना सुईत दोरा तरी ओवता यायचा की नाही, मला शंका आहे. पण बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक आलं की दादाच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, "हा माझा उजवा हात."

लोक असं म्हणतात आणि विसरून जातात. दादाने ते खरं धरलं. हाताला कुठे सुट्टी असते, म्हणून तो सुट्टीच्या दिवशीही दुकानात जायचा. वहिनी म्हणायची, "अहो, पुढचं काय ठरवलंय ते एकदा विचारा तरी." तो हसायचा. "हात कधी विचारतो का, मला ठेवणार ना म्हणून?" वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची. मला नुसती चीड यायची, पण घरच्या शहाण्याला शिकवणार कोण?

एकदा मागच्या गल्लीतले शिंपीमास्तर आमच्याकडे आले. भागीदारीत दुकान टाकू, पाटीवर दोघांचीही नावं लावू, म्हणाले. दादाने आधी जाऊन ते मालकांच्या कानावर घातलं. मालकांनी कापायच्या टेबलावर आपला उजवा हात पालथा ठेवला आणि मोठी कात्री दादाकडे सरकवली. "मनगटापासून काप आणि घेऊन जा," म्हणाले. दादा घरी आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. मास्तरांना नकार गेला. त्यांनी दुसरा भागीदार पाहिला आणि दुकान छान चालवलं. त्या पाटीखालून जायला नको, म्हणून वहिनी अजून पलीकडच्या बाजूने चालते.

पुढे मालक थकले. त्यांना मुलगा नव्हता. दुकान दादाच सांभाळणार, हे आमच्या घरात कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. एका सकाळी मालक जावयाला घेऊन आले. आता सगळं हे बघतील, असं त्यांनी जाहीर केलं आणि सवयीने दादाच्या खांद्यावर थाप मारली. "हा माझा उजवा हात. आजपासून तुमचा."

"मी डावखुरा आहे, बाबा," जावई म्हणाला.

सगळे हसले. मालकही पोट धरून हसले. दादालाही वाटलं, थट्टा आहे. पण जावयाने कापायला आपला माणूस आधीच ठरवला होता, आणि महिनाअखेरीला दादाला घरी बसवलं.

दादा जेवेना, बोलेना. शेवटी मीच त्याला ओढत मालकांच्या घरी नेलं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "आयुष्यभर याला उजवा हात म्हणालात. मग जावयाला एक शब्द नाही सांगवला?"

मालकांना खरोखरच नवल वाटलं. "अहो ताई, बोलायची एक पद्धत असते ती. दुकान कुणी पगारी माणसाला देतं का?"

मी संतापून पुढे झाले. तेव्हा दारात उभा असलेला दादा पहिल्यांदा बोलला. "मालक, मास्तर मला मागायला आले तेव्हा तुम्ही टेबलावर हात ठेवलात. तीही बोलायची पद्धतच होती?"

मालक खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "तेव्हा तू गेला असतास तर माझं दुकान बुडालं असतं रे."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. दुसरं काही न देता माणूस कसा बांधून ठेवायचा, ते त्यांनी त्याच दिवशी नीट साधलं होतं. मला वाटलं, दादा आता तरी त्यांना चार शब्द सुनावेल. त्याने नुसती मान हलवली आणि जिना उतरला.

रस्त्यावर आल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले.

"मला ते खरंच वाटायचं गं," तो म्हणाला.