ओसाडवाडीचा राखणदार

मंडळी, आज मी आपल्या लीगमध्ये पहिला आलो. हसू नका. खेळायला मी एकटाच होतो.

नवीन कोणी असेल तर सांगतो. नांद्याच्या माळावर आम्ही चकत्या टोपलीत फेकायचा खेळ खेळतो. प्रत्येकाच्या बॅगेला नंबराचा बिल्ला असतो. जिंकणारा लहान नंबर घेतो, हरणारा मोठा. बिल्ल्यांवर मी गोष्टी लिहून ओसाडवाडी नावाचं खोटं गाव वसवलं होतं. एक नंबर पाटलाचा, शेवटचा राखणदाराचा. गोष्टीत सगळे गाव सोडून गेले, हा राखणदार मात्र ते परत येतील म्हणून थांबलाय. तो बिल्ला कायम माझ्याकडेच असायचा.

आज आपल्या लीगमधला सलीम आला, पण चकत्या न घेता. मंदीत नोकरी गेली, लातूरला परत निघालाय. आधी गेलेल्यांचे बिल्ले त्याच्याकडेच होते. सगळा जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाला, "घे, आता तूच पाटील."

तो गेला आणि जागेचे मालक नाना आले. "टोपल्या काढून न्या. जागा बिल्डरला दिली आमी."

"नाना, पोरं परत आली तर?"

"कुटं येत्यात आता!"

पाटलाचा बिल्ला खिशात टाकला. बॅगेला राखणदारच राहू दिला.

इथे ग्रुपवर अजून कोणी आहे का?