शाईने झाकलेलं नाव

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात मी वकिलांना कागदपत्रं तपासणारं सॉफ्टवेअर शिकवतो. सरावासाठी जुनी, हरलेली केस आणा, पण नावं खोडून आणा, असं कळवलं होतं. एका म्हाताऱ्या डच वकिलाने फूटपट्टी लावून, शाईने अशिलाचं नाव पानोपानी झाकलं होतं.

सॉफ्टवेअरने भाडेकरारातलं एक कलम क्षणात दाखवलं. त्या कलमाच्या जोरावर अशिलाचं घर वाचलं असतं. म्हातारा बराच वेळ पेनाचं टोपण उघडत, लावत बसला.

"हे माझ्या नजरेतून सुटलं होतं."

"आता काही करता येईल?" मी मूर्खासारखं विचारलं.

"कोणासाठी? तो गेला."

शेवटी मी त्याला हजेरीचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर ठळक छापलेल्या स्वतःच्या नावावर, ते झाकलं जाईल असा, त्याने अंगठा ठेवला आणि तो कागद तसाच धरून बाहेर पडला.